उदगीर ते मेलबर्न, मार्गे धर्माबाद

हैदराबाद ते मेलबर्न हे अंतर नऊ हजार दोनशे एकोणतीस किलोमीटर आहे, हे विशाखाला आता पाठ झालं होतं. मनू झोपली की ती मोबाइलवर तेच एक पान उघडायची. निळ्या समुद्रावरून गेलेली एक वाकडी रेघ, रेघेवर तांदळाएवढं विमान, आणि खाली लिहिलेलं: विमानप्रवासाचा अंदाजे वेळ अकरा तास पन्नास मिनिटं. आकडा रोज तोच असायचा. तरी ती बघायची, कुलूप लावल्यावर माणूस पुन्हा एकदा ओढून बघतो तसं.

मेलबर्नला श्रीनाथ होता, तिचा नवरा. तो गेला तेव्हा तिला पाचवा महिना होता. मनूचं पाळण्यातलं नाव मनस्विनी, आणि आता ती आठ महिन्यांची झाली होती. बापानं तिला पाहिलं होतं ते फक्त मोबाइलवर. मनूच्या हिशेबात बाप म्हणजे एक सपाट, गार, चाटता येणारा माणूस होता. तो बोलायला लागला की ती त्याच्या नाकाला जीभ लावायची आणि फोन बंद व्हायचा.

व्हिसा येऊन पडला होता. श्रीनाथचं म्हणणं असं की या महिनाअखेरीस ये. जूनपासून कंपनी त्याला आतल्या भागात एका खाणीच्या कामावर पाठवणार होती, सहा महिने, आणि तिथं बायका-पोरं नेता येत नव्हती. म्हणजे आत्ता, नाहीतर थेट दिवाळीनंतर. तोवर मनू चालायला लागली असती.

गाडं अडलं होतं लातूरला, सासूपाशी. उज्वलाबाईंनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं आणि दोन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या होत्या. भांडखोर बाई नव्हती ती. एकदाच सांगितलं, की एवढंसं लेकरू घेऊन एकट्या बाईनं समुद्र ओलांडू नये, वर्षाची होऊ दे, जावळ काढू, मग बघू. त्यानंतर त्या या विषयावर बोलल्याच नाहीत. शंभर जणींनी आरडाओरडा करावा त्यापेक्षा त्यांचं गप्प बसणं जड होतं. श्रीनाथ आईशी बोलला की म्हणायचा, आईचं चुकत नाही. विशाखाशी बोलला की म्हणायचा, तू येच. दोन्हींचा उपयोग सारखाच.

विशाखा बाळंतपणापासून उदगीरला माहेरी होती. तिचे वडील भीमाशंकर, घरात अप्पा, एसटीत एकतीस वर्षं होते. शेवटची नऊ वर्षं उदगीर स्टँडवर वाहतूक नियंत्रक. स्टँडवरच्या त्या काचेच्या केबिनमधून लाउडस्पीकरवर अमुक गाडी, मार्गे अमुक, फलाट क्रमांक अमुक असं सांगणारा आवाज त्यांचा. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी त्यांच्या बोलण्यातून ‘मार्गे’ गेलं नव्हतं. भाजी आणायला गेले तरी ते देवळामार्गे जायचे.

एका दुपारी त्यांनी विशाखाच्या हातातलं ते पान पाहिलं. चष्मा कपाळावर सारून बराच वेळ बघितलं.

“थेट गाडी हाय का?”

विशाखा म्हणाली, नाही, सिंगापूरला बदलावी लागते.

“मग हे अकरा तास पन्नास मिनिटं कोणत्या गाडीचे?”

तिनं सांगितलं, की विमान सरळ रेघेत गेलं असतं तर तेवढे लागले असते.

“म्हंजे जी गाडी सुटतच न्हाई तिचं वेळापत्रक,” अप्पा म्हणाले, आणि खोटा पास परत करावा तसा त्यांनी मोबाइल परत केला.

मग त्यांनी खऱ्या वेळा काढायला लावल्या. हैदराबाद ते सिंगापूर साडेचार तास. तिथं तीन तास थांबा. पुढे मेलबर्न साडेसात तास. एकूण पंधरा. हैदराबादपर्यंत ते स्वतः सोडायला जाणार, म्हणून तेवढं त्यांनी धरलं नाही. कागदावर एकाखाली एक लिहून त्यांनी तो कागद खिशात ठेवला. खिशात ठेवलेला कागद ते विसरत नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

दोन दिवसांनी उज्वलाबाईंचा फोन आला. मनूचा दात, मनूचं पोट, सगळं झाल्यावर विशाखानं धीर करून तिकिटाचं काढलं. मग उज्वलाबाई म्हणाल्या, “पंधरा तास त्या लेकराला एकटीनं सांभाळून दाखव, मग जा. मी अडवणार नाही.”

हे बोलणं कसं, तर चंद्र आणून दाखव म्हणतात तसं. विशाखाला ते कळलं. पण फोन स्पीकरवर होता, आणि बाहेरच्या खोलीत अप्पा चप्पल शिवत बसले होते. त्यांनी सुई दोऱ्यासकट चपलेत खोचली आणि आत आले.

एसटीत नवा मार्ग सुरू करायचा झाला तर आधी चाचणी फेरी काढतात. रिकामी गाडी, ड्रायव्हर, एक माणूस वही घेऊन. वेळ कुठं खातो, चढ कुठं आहे, थांबा कुठं लागतो, सगळं लिहून घ्यायचं आणि मगच वेळापत्रक छापायचं. अप्पांच्या मते बाईंनी रीतसर अट घातली होती, आणि अट आली म्हणजे ती पुरी करायचीही रीत असणार. पंधरा तास म्हणजे पंधरा तास. विमानाचा तास काही साठ मिनिटांपेक्षा मोठा नसतो.

विशाखाची आई सिंधुबाई म्हणाली, “लेकराला उगं गावोगाव हिंडवून काय मिळणार हाय? ती बाई रागानं बोलली असंल.”

“रागानं बोलली का कशानं, बोलली न्हवं का,” अप्पा म्हणाले.

त्यांनी स्वतः लातूरला फोन लावला. म्हणाले, बाई, आम्ही सोमवारी चाचणी घेतोय, पंधरा तास, एसटीनं. मी गाडीत असेन पण लेकराला हात लावणार नाही, फक्त नोंद ठेवीन. आपल्याला मान्य आहे का, एवढं कळवा. पलीकडून आवाज आला, “ठीक आहे. शेवट लातूरला करा. वही मी तपासणार.”

कितीही झालं तरी शिक्षिकाच ती.

सोमवारी पहाटे पाचची गाडी. उदगीरहून मुखेडमार्गे नांदेड, साडेचार तास, म्हणजे सिंगापूर. नांदेडच्या स्टँडवर तीन तास थांबा. नंतर नांदेड ते धर्माबाद, त्याच गाडीनं परत नांदेड, आणि पुढे लोहा-अहमदपूरमार्गे लातूर. हे साडेसात तास म्हणजे मेलबर्न. धर्माबादला कुणाचं काही काम नव्हतं. साडेसात तास भरायला ते लागत होतं, एवढंच.

अप्पांनी वहीत रकाने आखले होते. वेळ, ठिकाण, दूध, झोप, रडणं. आणि शेवटचा रकाना, कोणाजवळ. तो त्यांनी सवयीनं आखला. गाडी कोणाच्या ताब्यात आहे हे लिहिल्याशिवाय एसटीत पान पुरं होत नाही. त्यांची अपेक्षा अशी होती, की वर एकदा ‘आई’ लिहायचं आणि खाली शेवटपर्यंत दोन-दोन टिंबं देत जायचं.

ते दोन सीट मागे बसले, अनोळखी माणसासारखे. पहिले दीड-पावणेदोन तास मनू झोपलीच होती. विशाखाच्या हाताला मुंग्या आल्या, पण तिनं हात हलवला नाही. बाहेर उजाडत होतं, रानात हळदीसारखं ऊन पसरत होतं, आणि तिला वाटत होतं, बरं चाललंय.

मुखेडच्या अलीकडे एका फाट्यावर एक बाई चढली. साठीची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात पिशवी. नांदेडला डोळे दाखवायला निघाली होती. पारूबाई नाव, ते पुढे कळलं. ती विशाखाच्या शेजारी बसली, दोन मिनिटं तिच्याकडे आणि मनूकडे बघितलं, आणि म्हणाली, “आण इकडं.”

विशाखा काही म्हणायच्या आत मनू पारूबाईच्या मांडीवर होती. जागी झाली, नवं तोंड बघितलं, कुंकवाला बोट लावलं आणि बोट तोंडात घातलं. विशाखानं मागे वळून पाहिलं. अप्पा खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी घड्याळ बघितलं. मग वही उघडली आणि लिहिलं.

“कुठं चाललाव?” पारूबाईनं विचारलं.

“नांदेडला.”

“नांदेडला कुणाकडं?”

“कुणाकडे नाही. तिथून धर्माबाद.”

“आन् तिथून?”

“परत नांदेड. मग लातूर.”

पारूबाईनं मनूला दुसऱ्या मांडीवर घेतलं. “म्हंजे नवरा सापडंना का काय?”

“तसंच काहीतरी,” विशाखा म्हणाली, आणि किती दिवसांनी तिला हसू आलं.

मुखेडला कॉलेजच्या मुली चढल्या. पारूबाईनं मनूला त्यांच्या सीटवर पाठवलं, एका मुलीनं तिच्या डोक्याला आपली क्लिप लावली, दुसरीनं फोटो काढले. तिथून मनू आणखी पुढे गेली, एका मास्तरांकडे. त्यांनी तिला पेपर वाचून दाखवला आणि तिनं तो फाडला. विशाखाचे दोन्ही हात मोकळे होते. मोकळे हात कुठं ठेवायचे हे ती विसरली होती. ती खिडकीबाहेर बघत राहिली, आणि नरसीच्या आसपास केव्हातरी तिचा डोळा लागला. नांदेड आलं तेव्हा मनू पुन्हा पारूबाईकडे होती, आणि पारूबाई उतरताना लेकरू असं परत करत होती जसं शेजारणीची वाटी परत करावी.

नांदेडचे तीन तास मात्र वेगळे गेले. सिंगापूरला विमानतळाबाहेर पडता येत नाही, म्हणून स्टँडबाहेर पडायचं नाही, असा अप्पांचा नियम होता. वैशाखाचं ऊन पत्र्यावर तापत होतं. येणारी गाडी आली की सगळी माणसं तिच्याकडे धावायची, फलाट रिकामा व्हायचा, आणि पुन्हा नवी माणसं. बसून राहणारं कुणी नव्हतं, म्हणून लेकराकडे बघणारंही कुणी नव्हतं. विशाखा मनूला घेऊन हिरकणी कक्षात गेली. तिथं पंखा होता, एक बाक होता, आणि दोघीच होत्या. मनूनं दूध घेतलं नाही. कपडे बदलले तरी गप्प होईना. पाठ थोपटली, गाणं म्हटलं, खिडकीतली चिमणी दाखवली. सतरा मिनिटं ती एका सुरात रडली. विशाखानं तिला बाकावर ठेवलं, स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, दहापर्यंत आकडे मोजले आणि पुन्हा उचललं.

बाहेर समोरच्या बाकावर अप्पा बसले होते. हातरुमालाची घडी घालत होते, मोडत होते. उठले नाहीत.

साडेबाराला धर्माबादची गाडी लागली. कंडक्टर व्यंकटी अप्पांना ओळखत होता. उदगीरला असताना त्यानं त्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

“साहेब, धर्माबादला कुणाकडं?”

“कुणाकडं न्हाई. जायचं, यायचं.”

व्यंकटीनं मान हलवली. निवृत्त माणसांचं असं होतं, हे त्यानं ऐकलं होतं.

या गाडीत विशाखाला लेकरू पुरतं वीस मिनिटंही मिळालं नाही. मिरचीच्या बाजारात निघालेल्या चार बाया मागच्या सीटवर होत्या. त्यांच्यातल्या म्हातारीनं मनूला मागून घेतलं आणि तेलुगूत गाणं लावलं. मनू शिंकायची, म्हातारी हसायची, मनू पुन्हा शिंकायची. धर्माबादला दहा मिनिटं गाडी उभी राहिली, तेवढ्यात विशाखा पाणी प्यायली, आणि मनू व्यंकटीच्या खांद्यावर बसून तिकिटाचं मशीन चाटत होती. परतताना एक शाळकरी पोरगी, मग एक नर्स. नांदेडहून लातूरच्या गाडीत बसले तर पुढच्या सीटवर एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं. त्या मुलीनं हिरव्या चुड्यातले हात मागे केले. नवरा लाजून बाहेर बघत राहिला. मनू चुडा वाजवत अहमदपूरपर्यंत गेली.

अहमदपूरला ते जोडपं उतरलं. मनू विशाखाच्या मांडीवर आली आणि झोपली. अप्पा उठून शेजारी येऊन बसले. दिवसभरात पहिल्यांदाच. त्यांचा चेहरा, गाडी वेळेवर असूनही प्रवासी मिळाले नाहीत तर होतो तसा झाला होता.

“लातूरला पोचेपर्यंत पंधरा तास दहा मिनिटं,” ते म्हणाले. “रडणं तीनदा. एकूण एकतीस मिनिटं. दूध पाचदा. उलटी न्हाई. ताप न्हाई.”

विशाखानं वही हातात घेतली. शेवटच्या रकान्यात अप्पांच्या ठळक अक्षरात लिहिलं होतं: आई. पारूबाई, मुखेड. कॉलेजच्या मुली. मास्तर. पारूबाई. आई. मिरचीवाली आजी. कंडक्टर. अशी दोन पानं. तिनं मनातल्या मनात बेरीज केली. इथून लातूरपर्यंत मनूला स्वतःकडेच ठेवली तरी पाच तास चाळीस मिनिटं. बाकीचे साडेनऊ तास तिचं लेकरू मराठवाड्याच्या मांडीवर होतं.

“हा रकाना बाईंनी मागितला नव्हता,” अप्पा पुढे बघत म्हणाले.

“मग?”

“पान नव्यानं लिहिता येतंय. चाकूर येईस्तोवर हुईल.”

एकतीस वर्षांत अप्पांनी नोंदीचं पान पुन्हा लिहिलं नव्हतं. एकदा एका ड्रायव्हरनं त्यासाठी त्यांचे पाय धरले होते, ती गोष्ट घरात सगळ्यांनी ऐकली होती. विशाखानं त्यांच्या हाताकडे बघितलं. पेनाचं टोपण आधीच काढलेलं होतं.

पान बदललं तर मेलबर्न. नाही बदललं तर दिवाळी. इतकं साधं होतं.

“राहू द्या, अप्पा,” ती म्हणाली.

यात खरेपणाचा मोठेपणा काही नव्हता. ती घाबरली होती. सकाळपासून ती खूश होती, की जमतंय आपल्याला. आता कळलं, की जमलं होतं ते पारूबाईला. तिला स्वतःला एकटीला मिळाले होते ते नांदेडचे तीन तास, आणि त्यात ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली होती. वहीतलं पान खोटं लिहिलं, तर त्या पानाबरोबर विमानात बसायचं होतं तिलाच. अप्पा काही येणार नव्हते.

अप्पांनी टोपण लावलं.

उज्वलाबाईंनी दार उघडलं तेव्हा आठ वाजून गेले होते. त्यांनी दोघांना पाणी दिलं, मनूच्या गालाला बोट लावलं, पण घेतलं नाही. जेवणाच्या टेबलापाशी बसून चष्मा लावला आणि अप्पांपुढे हात केला. अप्पांनी वही दिली. लाल पेन आधीच टेबलावर होतं.

त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचलं. मधे एकदा विचारलं, पारूबाई कोण. विशाखा म्हणाली, माहीत नाही. मास्तर कुठल्या शाळेचे, असंही विचारलं, तेही माहीत नव्हतं. मिरचीवाल्या आजीपाशी त्या जरा थांबल्या. शेवटी खालच्या कोपऱ्यात स्वतः बेरीज केली, अप्पांच्या बेरजेशी ताडून पाहिली, आणि पाच तास चाळीस मिनिटांना लाल गोल केला.

“मी एकटीनं म्हणाले होते.”

“हो,” विशाखा म्हणाली.

“हे काही एकटीनं झालेलं नाही.”

“नाही.”

अप्पा म्हणायला लागले, की बाई, गाडीत माणसं असतात, आपण नको म्हणून ती ऐकतात का. उज्वलाबाईंनी शेवटच्या बाकावरच्या मुलाला थांबवावं तसा नुसता तळहात वर केला. अप्पा थांबले.

विशाखा चाकूरपासून मनात जुळवत होती ते आता बोलली. बोलताना ती सासूकडे न बघता मनूच्या डोक्याकडे बघत होती. “आई, तरी मी जाते. एकटीनं होत नाही, हे आज कळलं. नांदेडला स्टँडवर मला तीन तास जड गेले. पण गाडीत साडेनऊ तास ती माझ्याजवळ नव्हती आणि तिला काही झालं नाही. मी विमानात शेजारच्यांना देईन.”

“विमानात कोण घेतंय. तिथं लोक कानात बोळे घालून बसतात.”

“मागितलं तर घेईल कुणीतरी.”

“तू मागशील?”

हे मात्र नेमकं लागलं. लग्नाला चार वर्षं झाली, या घरात विशाखानं दुसरी पोळी कधी मागून घेतली नव्हती. ताटात पडली तर खायची, नाही पडली तर उठायची. ओटीपोटात दुखत होतं तेव्हाही तिनं रिक्षा बोलवा म्हटलं नव्हतं, उज्वलाबाईंनीच तोंड बघून ओळखलं होतं. आणि आजचंच बघायचं तर आज दिवसभरात तिनं कुणाकडे काही मागितलंच कुठं होतं. लोकांनी लेकरू तिच्या हातातून उचललं होतं. तिनं फक्त सोडलं होतं.

उज्वलाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. उठल्या, दोन खुर्च्या ओढून शेजारी-शेजारी लावल्या, एका खुर्चीत स्वतः बसल्या आणि दुसरीवर हात ठेवला.

“बस इथं.”

विशाखा मनूला घेऊन बसली.

“मी शेजारची बाई. मला मराठी येत नाही. माग.”

विशाखानं अप्पांकडे पाहिलं. अप्पा पंख्याकडे बघत होते. तिनं ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं.

“ऐकू आलं नाही. विमानाचा आवाज असतो.”

“प्लीज, विल यू होल्ड माय बेबी,” विशाखा म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“नो,” उज्वलाबाई म्हणाल्या. अगदी समोर बघत, मांडीवर हात जुळवून.

खोलीत पंख्याचा आवाज होता. विशाखाच्या दुसऱ्या बाजूला भिंत होती. मनू आता आठ किलोच्या घरात होती, आणि पहाटे पाचपासूनचं सगळं वजन तिच्या डाव्या दंडात उतरलं होतं. नो म्हटल्यावर काय करायचं असतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. गप्प बसायचं असतं, एवढं तिला येत होतं. ती तशी थोडा वेळ बसली. उज्वलाबाई समोर बघत होत्या. त्या मदत करणार नव्हत्या, हे स्पष्ट दिसत होतं.

मग विशाखा खुर्चीतच त्यांच्याकडे वळली. मनूला दोन्ही हातांनी उचलून तिनं त्यांच्या आणि आपल्यामध्ये धरलं.

“घ्या हो जरा,” ती म्हणाली. मराठीतच. आवाज मोठा नव्हता, पण पडलेलाही नव्हता. “हात भरून आलेत माझे.”

उज्वलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. शेजारच्या बाईला मराठी येत नव्हतं, हे त्या विसरल्या किंवा त्यांनी सोडून दिलं. त्यांनी हात पुढे केले.

अप्पांची उदगीरची गाडी केव्हाच चुकली होती. त्यांना तिथंच जेवायला बसावं लागलं. उज्वलाबाईंनी एका हातानं वाढलं, दुसऱ्या हातावर मनू होती. विशाखानं मध्येच मनूसाठी हात केला तर त्या म्हणाल्या, जेव आधी. ती जेवली. आणखी एक पोळी हवी का, असं त्या दिवशी तिला कुणी विचारलं नाही. तिनं डबा स्वतःकडे ओढला.

“श्रीनाथला म्हणावं तिकीट काढ,” उज्वलाबाई म्हणाल्या, मनूच्या तोंडातून आपला चष्मा सोडवत. “आणि खिडकीची सीट नको. दोन्हीकडे माणसं पाहिजेत.”